राजा नेमका कोणत्या दिवशी पडतो? (फ्रान्स, रशिया, इराण, नेपाळ)

शून्य प्रहर (धागाकर्ता)

राजेशाहीविरुद्धच्या क्रांत्यांची तुलना सुरू झाली की आपण कारणांची यादी करायला बसतो. महागाई, जुलूम, नवे विचार, नाकर्ता राजा. यादी खोटी नाही, पण जिथे राजा टिकला तिथेही ती तशीच्या तशी लागू पडते. रशियातच बघा. १९०५ साली हरलेलं युद्ध होतं, संप होते, निःशस्त्र मोर्च्यावर गोळीबार झाला होता, युद्धनौकेवर बंडही झालं. तरी झार टिकला. १९१७ साली मात्र आठ दिवसांत तीनशे वर्षांचं घराणं गेलं. तेव्हा प्रश्न ‘का’ यापेक्षा ‘कोणत्या दिवशी’ असा विचारला तर जास्त हाती लागतं.

पेत्रोग्रादचा (तेव्हाची रशियाची राजधानी) हिशेब मांडतो. तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत, आजच्या मोजणीसाठी १३ दिवस मिळवा. १९ फेब्रुवारीला जाहीर झालं की १ मार्चपासून पाव शिधापत्रिकेवर मिळेल. साहजिकच दुसऱ्या दिवसापासून लोकांनी साठवण सुरू केली आणि रांगा वाढल्या. २२ तारखेला पुतिलोव्ह कारखान्याने कामगारांना टाळं लावलं. २३ला महिला दिन. कापड गिरण्यांतल्या बायका बाहेर पडल्या आणि शेजारच्या धातू कारखान्यांतल्या पुरुषांना हाका मारत गेल्या. त्या दिवशी संपावर साधारण ९० हजार, दुसऱ्या दिवशी २ लाख, २५ला ३ लाख. म्हणजे शहर तिसऱ्याच दिवशी बंद पडलं होतं. पण झार त्या दिवशी पडला नव्हता. २५च्या रात्री त्याने मोगिल्योव्हच्या मुख्यालयातून तार केली, की राजधानीतली दंगल उद्या बंद करा. २६ला शिपायांनी हुकूम पाळला, झ्नामेन्स्काया चौकात माणसं मारली, आणि संध्याकाळी सरकार जिंकल्यासारखं दिसत होतं.

२७ला सकाळी व्होलिन्स्की रेजिमेंटच्या ज्या प्रशिक्षण तुकडीने आदल्या दिवशी गोळ्या झाडल्या होत्या तिनेच बाहेर पडायला नकार दिला आणि आपल्या कप्तानाला मारलं. मग शेजारची छावणी, मग तिच्या शेजारची. रात्रीपर्यंत हजारो शिपाई रस्त्यावर होते. पुढचे तीन दिवस झारची आगगाडी कुठल्या रुळावरून जाऊ शकते यातच गेले. मालाया विशेराहून ती मागे फिरली, प्स्कोव्हला थांबली, तिथे आघाडीवरच्या सेनापतींच्या तारा आल्या, पायउतार व्हा म्हणून. २ मार्चला सही.

१९०५ आणि १९१७ मधला फरक इथे आहे. पहिल्या वेळी मांचुरियातून परत येणारं सैन्य हुकूम पाळत राहिलं. दुसऱ्या वेळी राजधानीत बसलेले दीड लाखाहून जास्त शिपाई बहुतेक राखीव, नवे भरती झालेले आणि आघाडीवर जायचं नाही या विचाराचे होते.

फ्रान्सचंही असंच. १४ जुलै १७८९ला लोक पॅरिसमधल्या बास्तीय या तुरुंग-किल्ल्याकडे गेले ते कैद्यांसाठी नव्हे. आत कैदी सातच होते. सकाळी अँव्हालिद या निवृत्त सैनिकांच्या वास्तूतून तीसेक हजार बंदुका हाती आल्या, पण बारूद नव्हती. ती २५० पिंपं काही दिवसांपूर्वी बास्तीयमध्ये हलवली होती. किल्ल्यात ८२ निवृत्त शिपाई आणि ३२ स्विस. दुपारभर गर्दी मरत राहिली, ९८ जण गेले. पारडं फिरलं ते फ्रेंच गार्डच्या फुटलेल्या शिपायांनी तोफा आणून दरवाज्यासमोर लावल्या तेव्हा.

तर माझं म्हणणं असं, की हुकूम देणारा आणि चाप ओढणारा यांच्यातली साखळी तुटते त्या दिवशी राजा जातो. इराण १९७९ यात बसतं. नेपाळ २००६ मला नीट बसवता आलेलं नाही. जाणकारांनी लिहावं.

अर्धा शेर

वाचनखूण साठवली. पावाचा भाव पण टाका ना कुणीतरी. त्याशिवाय फ्रान्सची गोष्ट पुरी होत नाही.

गव्हाची लोंबी

टाकते. जुलै १७८८ मध्ये गारपिटीने उत्तर फ्रान्सचं उभं पीक झोपवलं, त्यानंतरचा हिवाळा भयंकर गेला. चार पौंडांच्या पावाचा नेहमीचा भाव ८ ते ९ सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं). १७८९च्या जुलैत साडेचौदा सू. रोजंदारी मजुराला दिवसाला २० ते ३० सू मिळत आणि कुटुंबाला रोज एक मोठा पाव तरी लागेच. उरलेल्यात भाडं, सरपण, कपडे. १४ जुलै हा वर्षातल्या सगळ्यात महाग पावाच्या दिवसांपैकी होता, कारण जुनं धान्य संपत आलेलं आणि नवं अजून मळायचं होतं. आपल्याकडे आषाढात कणग्या रिकाम्या होतात तसंच.

पण एक खोड काढते. पेत्रोग्रादमध्ये धान्य नव्हतं असा समज असतो, तो चूक. काही दिवसांचं पीठ गोदामात होतं. अडचण वाहतुकीची होती. रेल्वे युद्धाला जुंपलेली, भट्ट्यांना जळण नाही, आणि शिध्याच्या बातमीने घबराट. म्हणजे भूक नव्हे, रांग. रांगेत बायका चार चार तास एकत्र उभ्या राहतात आणि बोलतात. सरकारने फुकटात सभा भरवून दिली.

तोफखाना

शून्य प्रहर, सूत्र बरोबर आहे पण अर्धवट आहे. ‘सैन्य फुटलं’ म्हणून भागत नाही. कोणतं सैन्य फुटलं? प्रत्येक ठिकाणी काही तुकड्या शेवटपर्यंत लढल्या आहेत.

फ्रेंच गार्ड फुटले कारण ते पॅरिसमध्येच राहत, अनेकांची लग्नं तिथेच झालेली, पगार पुरत नसल्याने फावल्या वेळात शहरात कामधंदे करत. गर्दीतला पाव त्यांच्याही घरी महाग झाला होता. उलट स्विस गार्ड भाडोत्री, भाषा वेगळी, बराकी वेगळ्या. १० ऑगस्ट १७९२ला त्वीलरी राजवाड्यावर हल्ला झाला तेव्हा राजा आधीच विधानसभेच्या आश्रयाला निघून गेला होता, आणि स्विस मात्र लढत राहिले. सहाशेच्या आसपास मेले. ज्याच्यासाठी लढायचं तो इमारतीत नव्हताच.

इराणात हेच. शहाचं सैन्य चार लाखांचं, पण त्यातले बहुसंख्य सक्तीच्या भरतीचे तरुण. डिसेंबर १९७८ मध्ये ते छावण्या सोडून घरी जायला लागले. आशुराच्या दिवशी, ११ डिसेंबरला, तेहरानच्या लविझान छावणीत शिपायांनी भोजनगृहात शाही गार्डच्या अधिकाऱ्यांवर गोळीबार केला. शेवटची ठिणगी पडली ती हवाई दलातल्या तंत्रज्ञांकडून. यांना होमाफर म्हणत. शिकलेले, विमानं चालू ठेवणारे, पण अधिकाऱ्यांचा दर्जा नाही, कराराने बांधलेले. ९ फेब्रुवारी १९७९च्या रात्री दोशान तप्पे तळावर शाही गार्ड त्यांच्यावर चालून गेला. होमाफरांनी शस्त्रागार उघडून शहरात बंदुका वाटल्या. ११ फेब्रुवारीला दुपारी सेनापतींनी जाहीर केलं की सैन्य तटस्थ राहील. ‘तटस्थ’ हा शब्द वाचून फसू नका. राजाच्या सैन्याने तटस्थ राहणं म्हणजे राज्य संपणं.

त्यामुळे बघायचं ते असं: शिपाई सक्तीचा की पगारी, गावचा की परका, आणि त्याची स्वतःची काही तक्रार आहे का. पगारी, वेगळा ठेवलेला, चांगला पोसलेला शिपाई फुटत नाही. नेपाळ तुमच्या सूत्रात बसत नाही तो यामुळे. तिथे सक्तीची भरती नाही. शाही नेपाळी सेना नव्वद हजारांच्या घरात होती, स्वखुशीने भरती झालेली, आणि २००१ पासून माओवाद्यांशी लढून घट्ट झालेली. २००६च्या एप्रिलमध्ये एकही पलटण फुटली नाही.

मुक्काम पोस्ट

तोफखाना यांच्याशी सहमत, पण मग राजा झुकला कशाने हे सांगावं लागेल. नेपाळ सविस्तर मांडतो.

१ फेब्रुवारी २००५ला ज्ञानेंद्रांनी सगळी सत्ता हाती घेतली. फोन बंद, इंटरनेट बंद, नेते नजरकैदेत. ही चूक त्यांच्या लक्षात आली नाही. तोपर्यंत पक्ष आणि माओवादी एकमेकांचे शत्रू होते आणि राजा मध्ये बसून दोघांना खेळवू शकत होता. त्या दिवसापासून दोघांचा शत्रू एक झाला. २२ नोव्हेंबर २००५ला दिल्लीत सात पक्ष आणि माओवादी यांच्यात १२ कलमी समझोता झाला. त्यात मुख्य देवाणघेवाण अशी: माओवाद्यांनी बहुपक्षीय व्यवस्था मान्य करायची, पक्षांनी घटनासभेची निवडणूक मान्य करायची. फेब्रुवारी २००६ मध्ये राजाने नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या, मतदान २० टक्क्यांच्या आसपास. लोकांचा कल कागदावर दिसला.

मग ६ ते ९ एप्रिल असा चार दिवसांचा बंद पुकारला. माओवाद्यांनी काठमांडू खोऱ्यात आधीच शस्त्रसंधी जाहीर केली, म्हणजे सरकारला ‘हे दहशतवादी आहेत’ म्हणायची सोय राहिली नाही. चार दिवसांनी बंद बेमुदत केला. सरकारने संचारबंदी लावली आणि इथे काठमांडूचा भूगोल आडवा आला. २७ किलोमीटरचा रिंगरोड आहे. संचारबंदी त्याच्या आतल्या भागासाठी कडक, कारण राजवाडा आत. लोक कलंकी, गोंगबू, चाबहिल अशा रिंगरोडवरच्या नाक्यांवर जमायला लागले. मागून गावांमधून माणसं येतच राहिली. महामार्ग बंद, त्यामुळे भाजी, गॅस, पेट्रोल खोऱ्यात येईना. सगळ्यात मोठं म्हणजे सरकारी नोकर उतरले. गृहमंत्रालयातल्याच कर्मचाऱ्यांना अटक करायची वेळ आली. संचारबंदीचा पास देणारं खातंच आंदोलनात.

म्हणजे इथे साखळी बंदुकीपाशी तुटली नाही, टेबलापाशी तुटली. हुकूम लिहिणारा कारकून गेला. आणि सेनेला दुसरी काळजी होती. भारत आणि ब्रिटनने २००५ मध्येच लष्करी मदत थांबवली होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणं हा नेपाळी सैनिकासाठी मोठा आर्थिक आधार आहे. राजधानीत शेकडो माणसं मारून ते दार बंद करून घ्यायला सेनापती तयार नव्हते. १९ दिवसांत वीसच्या आसपास माणसं गेली. तेहरानच्या जाले चौकात एका दिवसात त्याहून कितीतरी जास्त गेली होती.

शून्य प्रहर

‘टेबलापाशी तुटली’ हे पटलं. मूळ लेखात दुरुस्ती करायला हवी: चाप ओढणारा एकटाच नाही, पास देणारा, तार पाठवणारा, नळ सोडणारा हे सगळे साखळीत आले. इराणच्या तेलसंपावर कुणी लिहील का?

दिवटी

लिहिते, पण आधी चाळिसाव्याबद्दल, कारण संप त्याच्या पाठीवर उभा होता.

७ जानेवारी १९७८ला एका सरकारी ओढीच्या दैनिकात हद्दपार धर्मगुरू खोमेनींची बदनामी करणारा लेख आला. दोन दिवसांनी कोममध्ये मदरशांतले विद्यार्थी रस्त्यावर, गोळीबार, मृत्यू. शिया रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी शोक. १८ फेब्रुवारीला तब्रीझमध्ये तो शोक पाळताना पुन्हा गोळीबार. तिथून चाळीस दिवसांनी, मार्चअखेर, यझ्दमध्ये तेच. म्हणजे सरकारच्या प्रत्येक गोळीने पुढच्या मोर्च्याची तारीख ठरत होती. कुणाला पत्रक काढावं लागत नव्हतं, पंचांगच पत्रक झालं होतं. बंदी घालणार तरी कशावर? चाळिसाव्यावर?

यात शहाची अडचण त्याने आधीच करून ठेवली होती. १९७५ मध्ये बाकी पक्ष मोडून एकच पक्ष केला, त्यामुळे बोलायला मशिदीशिवाय जागा उरली नाही. त्याच वर्षी महागाईला आवर म्हणून बाजारातल्या दुकानदारांना नफेखोर ठरवून दंड, तुरुंग. तेलाचा पैसा ओतून महागाई केली सरकारने, फटके खाल्ले किराणावाल्याने. मग त्याच बाजाराने संपकऱ्यांच्या घरी पैसे पोचवले.

आता संप. पगाराच्या मागण्या घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरुवात झाली, सरकारने पगार वाढवले, आणि कामगारांनी पुढची मागणी टाकली ती राजकीय. रोजचं पन्नास लाख पिंपांहून जास्त उत्पादन नोव्हेंबरच्या सुरुवातीला दीड लाखाच्या नव्हे, पंधरा लाखांच्या आसपास आलं (हा आकडा लिहिताना लोक एक शून्य खातात म्हणून मुद्दाम). डिसेंबरअखेर निर्यात थांबली. घरगुती वापरापुरतंही तेल निघेना, तेलाच्या देशात रॉकेलला रांगा. वीज कामगार रात्रीच्या सरकारी बातम्यांच्या वेळेलाच दिवे घालवत. आणि मग जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खोमेनींनी शहाविरोधी नेते मेहदी बाझरगान यांची समिती तेलक्षेत्रात पाठवली, की थंडीचे दिवस आहेत, घरापुरतं तेल काढा. कामगारांनी काढलं. शहा अजून देशात होता. पंतप्रधानांचा हुकूम चालत नव्हता आणि पॅरिसजवळच्या खेड्यात राहणाऱ्या खोमेनींचा चालत होता. राज्य कुणाचं, हे त्या दिवशी ठरलं. १६ जानेवारीला शहा विमानात बसला तो नुसता उपचार.

काठावरचा

दिवटीताईंचा प्रतिसाद उत्तम. थोडं अवांतर: सवलत देण्याच्या वेळेबद्दल. चार राजांच्या तारखा शेजारी ठेवल्या तर गंमत दिसते.

सोळाव्या लुईने सरंजामी हक्क रद्द करणारे ऑगस्टचे ठराव आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा ५ ऑक्टोबर १७८९ला मंजूर केला, कधी? बायकांचा मोर्चा व्हर्सायच्या अंगणात आल्यावर. दोन महिने आधी केला असता तर त्याच्या नावाने जयजयकार झाला असता. झार निकोलसने १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर ‘संसदेला जबाबदार मंत्रिमंडळ’ मान्य केलं. १९०५ पासून हेच मागत होते. पेत्रोग्रादहून उत्तर आलं, आता उशीर झाला. शहाने ६ नोव्हेंबर १९७८ला दूरचित्रवाणीवर सांगितलं की तुमच्या क्रांतीचा आवाज मला ऐकू आला, आणि त्याच दिवशी लष्करी सरकार नेमलं. माफी आणि धमकी एकाच बुलेटिनमध्ये. माफीने आपले घाबरले, धमकीने विरोधक चिडले.

ज्ञानेंद्रांनी २१ एप्रिलला पक्षांना पंतप्रधान सुचवायला सांगितलं. दिल्लीसह बाहेरच्या राजधान्यांनी स्वागतही केलं. रस्त्याने नाकारलं. पक्षांनी २५ तारखेला रिंगरोडभर माणसांचं कडं करायचं जाहीर केलं. २४च्या रात्री साडेअकराच्या सुमारास राजाने २००२ मध्ये विसर्जित झालेलं सभागृह जिवंत केलं. तीन दिवसांत किंमत किती वाढली बघा. २१ला फक्त पंतप्रधानपद द्यायचं होतं. २४ला जे सभागृह दिलं त्याने १८ मेला राजाकडून सेना काढून घेतली, तिच्या नावातला ‘शाही’ शब्दही काढला.

नेपाळचे तेव्हाचे राजे बीरेंद्र यांनी १९९० मध्ये ६ एप्रिलला दरबार मार्गावर गोळीबार झाल्यावर ८च्या रात्रीच पक्षांवरची तीस वर्षांची बंदी उठवली. त्या दोन दिवसांच्या चपळाईने घराण्याला आणखी अठरा वर्षं मिळाली. भूतानच्या चौथ्या राजाने तर कुणी मागायच्या आधी दिलं, आणि तिथे राजा आजही आहे.

तोफखाना

१९९०ला बीरेंद्रांनी दिलं खरं, पण सेना स्वतःकडेच ठेवली. नव्या घटनेत राजा सर्वोच्च सेनापती. २००५ची बंदूक तिथेच भरून ठेवली होती. त्यामुळे ‘चपळाई’ला मी अर्धेच गुण देईन.

मांडवी

या चर्चेत पोर्तुगाल कुणी घेत नाही, आणि आपल्यापैकी गोंयकारांचा तर त्याच्याशी थेट संबंध आहे.

४-५ ऑक्टोबर १९१० हे क्रांतीचं सगळ्यात गोंधळलेलं उदाहरण असेल. आदल्या दिवशी प्रजासत्ताकवाद्यांच्या एका मोठ्या नेत्यावर, डॉ. मिगेल बोंबार्दा यांच्यावर, एका मनोरुग्णाने गोळी झाडली. उठाव ठरल्याप्रमाणे झाला नाही. उठावाचे नौदलातले प्रमुख, अॅडमिरल कांदिदु दुश रैश, यांना वाटलं सगळं फसलं आणि त्यांनी आत्महत्या केली. लिस्बनच्या रोतुंदा चौकातून बहुतेक अधिकारी निघून गेले. माशादु सांतुश नावाचा नौदलाचा एक कनिष्ठ अधिकारी मात्र मोर्चाबंदी सोडून हलला नाही. त्याच्याकडे काही तोफा, थोडे सैनिक आणि सामान्य नागरिक. नदीतून दोन युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या, राजा मानुएल माफ्राला पळाला.

५ला सकाळी जर्मन वकिलातीतला एक अधिकारी परदेशी नागरिकांना बाहेर काढण्यासाठी तह मागायला पांढरं निशाण घेऊन निघाला. लोकांना वाटलं राजाचं सैन्य शरण आलं. गर्दी रस्त्यावर आली, शिपायांना मिठ्या मारायला लागली, आणि शिपायांनाही तेच खरं वाटलं. तासाभरात नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर. बाकी देशाला ते तारेने कळलं.

शून्य प्रहर, तुमची साखळी इथे चुकीच्या समजाने तुटली. पण तुटली ती तुटलीच.

गोव्यात याचा परिणाम खोल झाला. तोवर कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता. प्रजासत्ताकाने तो दर्जा काढला, एप्रिल १९११ मध्ये चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा केला, आणि गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची व सार्वजनिक जीवनाची दारं उघडली. विवाह हा नागरी करार मानणारा कायदा डिसेंबर १९१०चा, घटस्फोटाचा नोव्हेंबर १९१०चा. गोव्यात लग्न करणाऱ्यांना नोंदणी कार्यालयात दोनदा सही करावी लागते, त्याचं मूळ लिस्बनच्या त्या पांढऱ्या निशाणाच्या आठवड्यात आहे. अर्थात राजा गेला म्हणून वसाहत गेली नाही. १९२६ला लष्कराने प्रजासत्ताकच गुंडाळलं, मग सालाझार, आणि गोव्याला १९१० पासून ५१ वर्षं थांबावं लागलं.

बालाघाट

मग हैदराबाद का नको? निजाम हा राजाच होता. १९३८च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली, गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली. १९४७ला ७ ऑगस्टचा ‘भारतात सामील व्हा’ दिन, मग सरहद्दीवरची शिबिरं, उमरीच्या बँकेची लूट, सगळी लोकचळवळ होती. पण सूत्राला लावून बघितलं तर निजामाच्या फौजेतली साखळी आतून तुटली नाही. ती १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत बाहेरून तोडावी लागली. आणि परिणामही वेगळा: निजाम पळाला नाही, मारला गेला नाही. २६ जानेवारी १९५० पासून १९५६ मध्ये राज्य मोडेपर्यंत तोच राजप्रमुख. गादी ठेवली, आतला कापूस काढून घेतला.

अर्धा शेर

‘आतला कापूस काढून घेतला’ 😄

पण राजा गेल्यावर त्याच्या मालमत्तेचं काय करायचं, हा व्यवहारी प्रश्न आहे. कुणी कसं केलं?

काठावरचा

चीनने लेखी करार केला. फेब्रुवारी १९१२ मध्ये सहा वर्षांच्या पुयीच्या वतीने राजमातेने राजत्याग केला. बदल्यात किताब कायम, परकीय राजाला द्यावा तसा मान, वर्षाला ४० लाखांचा तनखा आणि तूर्त राजवाड्यातच मुक्काम. ‘तूर्त’ बारा वर्षं चाललं, तनखा वेळेवर कधी मिळाला नाही. १९१७ मध्ये एका सरदाराने पुयीला पुन्हा गादीवर बसवलं, बारा दिवस. किताबासह राजधानीत बसवलेला राजा कुणाच्या तरी हातचं बाहुलं होणारच. १९२४ला शेवटी बाहेर काढला.

इटलीने दुसरं टोक गाठलं. १९४६च्या सार्वमतानंतर घराण्यातल्या पुरुषांना देशबंदी, ती २००२ पर्यंत. नेपाळ मधे. ११ जून २००८ला ज्ञानेंद्रांनी नारायणहिटी सोडलं, मुकुट आणि राजदंड सरकारजमा, राहायला नागार्जुनचा बंगला. राजवाडा पुढच्या वर्षी संग्रहालय म्हणून उघडला.

गव्हाची लोंबी

सार्वमताचा विषय निघालाच आहे तर मतपत्रिका बघा. इटलीत २ जून १९४६ला दोन चिन्हं शेजारी शेजारी, राजेशाही की प्रजासत्ताक. ५४.३ टक्के प्रजासत्ताक. दक्षिण बहुतांशी राजाकडे, उत्तर विरोधात. ग्रीसमध्ये डिसेंबर १९७४ला ६९ टक्के राजाविरुद्ध. दोन्हीकडे हरलेल्यांना मोजलं गेलं, म्हणून वाद मिटला.

इराणात ३०-३१ मार्च १९७९ला प्रश्न एकच: इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही. हो हिरवं, नाही लाल. नुसतं प्रजासत्ताक हवं असलेल्याने काय करायचं? बाझरगान यांना ‘लोकशाही’ हा शब्द नावात हवा होता, खोमेनींनी नाकारला. निकाल ९८ टक्क्यांच्या वर. राजा नको असलेल्यांची सगळी मतं हिरव्या खात्यात गेली. मतपत्रिका कोण छापतो हे क्रांतीनंतर पहिलं विचारावं.

मुक्काम पोस्ट

आणि नेपाळात राजेशाहीवर सार्वमत झालंच नाही. १९८०ला झालं ते राजाच्या हाताखालची पक्षविरहित पंचायत व्यवस्था की बहुपक्ष यावर, पंचायत ५४.८ टक्क्यांनी जिंकली. २००७च्या डिसेंबरात अंतरिम घटनेत दुरुस्ती झाली, २७० विरुद्ध ३. घटनासभेच्या पहिल्या बैठकीत, २८ मे २००८ला, ५६० विरुद्ध ४. ते चार राजावादी पक्षाचेच. राजावाद्यांचा आजचा मुख्य मुद्दा हाच, की जनतेला थेट विचारलं नाही. २०२५च्या मार्चमध्ये विमानतळावर माजी राजाच्या स्वागताला गर्दी झाली, २८ला तीनकुनेत हिंसाचार होऊन दोघे गेले. सप्टेंबरात तरुणांनी सरकार पाडलं तेव्हा अनेकांना वाटलं आता राजा येणार. आली ती माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांची हंगामी राजवट.

तोफखाना

राजावाद्यांनी १८७५चा फ्रान्स वाचावा. १८७१ला निवडून आलेल्या सभेत बहुमत राजेशाहीवाल्यांचं होतं. राजा तयार होता, पण त्याला तिरंगा नको, बूर्बाँ घराण्याचं पांढरं निशाण हवं होतं. त्यावर अडून बसला. शेवटी ३० जानेवारी १८७५ला ‘प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष’ हे शब्द घटनेत घालणारी दुरुस्ती मंजूर झाली. ३५३ विरुद्ध ३५२.

अर्धा शेर

एका मताने?

तोफखाना

एका मताने. आणि ते मत टाकणारी सभा मुळात राजा आणायला बसली होती.